शांघायची परिषद आणि मुंबईची अफू

फेब्रुवारी १९०९ मध्ये अफूच्या प्रश्नावर शांघाय येथे तेरा राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते फिलिपाइन्सचे बिशप चार्ल्स ब्रेंट. आपल्या नव्हे, एपिस्कोपल पंथाचे. अमेरिकेला कडक बंदी हवी होती. ब्रिटनने १९०७ साली हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू दहा वर्षांत क्रमाक्रमाने बंद करण्याचे मान्य केले होते. त्यापुढे जाण्याची त्याची तयारी नव्हती. ठराव झाले, बंधन कोणावरच आले नाही. त्यासाठी १९१२ चा हेग करार व्हावा लागला.

तो इतिहास वाचताना आम्हांला आपलेच बंदर दिसते. माळव्याची अफू मुंबईहूनच चीनला जाई. सर जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती कापसाइतकीच अफूचीही. त्यांच्या दानातून १८४५ मध्ये रुग्णालय उभे राहिले. आमचे कितीतरी आप्त तेथूनच बरे होऊन घरी परतले.