आवाज सारखा करण्याची शंभर वर्षं

नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यातल्या एका हॉटेलच्या खोलीत ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं मेणाच्या तबकडीवर कोरून घेतलं. खोलीत मायक्रोफोन नव्हता. गाणारीच्या तोंडासमोर एक कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई, एवढंच यंत्र. गळ्यातून निघालेल्या आवाजाची ताकदच मेणात चर पाडायची. चर उथळ पडला तर गाणं खरखरीत बुडायचं, आणि आवाज फार जोरात आला तर सुई भरकटायची.

आवाजाची पातळी सांभाळायला त्या काळी हाताशी एकच साधन होतं: अंतर. युरोप-अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रणात तार स्वर आला की मदतनीस गायकाला कर्ण्यापासून मागे ओढायचा आणि हळू ओळ आली की पुढे ढकलायचा. साध्या व्हायोलिनचा आवाज कर्ण्याला पुरत नसे, म्हणून श्ट्रो नावाच्या कारागिराने १८९९ मध्ये लाकडी पेटीऐवजी धातूचा भोंगा लावलेलं व्हायोलिन तयार केलं. डबल बासच्या जागी बऱ्याचदा ट्यूबा वाजवत. वाद्यवृंदात कोण कुठे उभा राहणार हे त्याचा मान पाहून ठरत नसे, त्याच्या वाद्याचा आवाज किती मोठा यावर ठरत असे.

१९२५ मध्ये विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि मायक्रोफोनने कुजबुजही पकडली. तरी अंतराची विद्या संपली नाही. मुंबईत चित्रपटगीतं बरीच वर्षं एकाच माइकभोवती मुद्रित होत. साजिंद्यांची बैठक माइकपासून किती लांब, यावरच गाण्याचा तोल ठरायचा. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ हा या विद्येचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना. दूरवरून कोणी गात येत असल्याचा भास हवा होता. माइक खोलीच्या मध्यभागी होता. लता मंगेशकर कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात पावलापावलाने माइकपाशी आल्या. आज ज्याला फेड-इन म्हणतात, तो त्या दिवशी चालून केलेला आहे.

दरम्यान अमेरिकेत वेगळीच अडचण उभी राहिली होती. रेडिओचे कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरून एका शहरातून दुसऱ्या शहरात जात, आणि प्रत्येक कंपनीचं मोजमाप निराळं. इकडे ‘ठीक’ म्हटलेला आवाज तिकडे फाटलेला पोहोचायचा. बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून १९३९ मध्ये एकच मीटर ठरवला, तो व्हीयू मीटर. त्याचा काटा जाणूनबुजून सुस्त ठेवला होता. सलग स्वर मिळाला की योग्य आकड्यापर्यंत चढायला त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागत. त्यामुळे तो कानाच्या बराच जवळ जायचा. तंबोऱ्याच्या सलग झंकारावर तो स्थिर राही, पण तबल्याची टणकदार थाप काटा वर पोहोचायच्या आत संपून जाई. बीबीसीने त्याच दशकात उलटा मार्ग धरला. त्यांच्या मीटरचा काटा चटकन चढायचा आणि सावकाश उतरायचा, म्हणजे क्षणिक उसळीही नजरेतून सुटत नसे. शिखर मोजायचं की सरासरी, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

१९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे अँपेक्स कंपनीचं आठ ट्रॅकचं यंत्र आलं. आता प्रत्येक वाद्य आपापल्या पट्टीवर, आणि त्यांचा मेळ मागाहून. अटलांटिक रेकॉर्ड्सच्या टॉम डाउड यांनी गोल बटणांऐवजी सरकते फेडर आणले, असं मानलं जातं. फायदा उघड आहे: एका हाताच्या बोटांखाली चार-पाच ट्रॅक एकदम वरखाली करता येतात. पातळी सांभाळणारा माणूस आता गायकाचा खांदा सोडून बोटांनी काम करू लागला.

संगणक आल्यावर हे काम एका बटणावर आलं: नॉर्मलाइझ. प्रोग्रॅम ट्रॅकमधलं सर्वांत उंच टोक शोधतो, ते छताला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकेपर्यंत सगळा ट्रॅक उचलतो आणि थांबतो. नवशिका वीस ट्रॅक निवडतो, बटण दाबतो, ऐकतो आणि गोंधळतो, कारण आवाज अजून सारखे नाहीतच. तबल्याच्या ट्रॅकमध्ये एकच थाप छताला टेकली की बाकी वादन खालीच राहतं. हार्मोनियमला तसं टोक नसतं, म्हणून ती पूर्ण भरून वर येते. टोकं जुळली, तरी कानाला तोल बिघडलेलाच वाटतो.

टोक आणि कानाला जाणवणारा आवाज यांतल्या या फरकाचाच फायदा उठवला गेला. १९९४ मध्ये वेव्ह्ज कंपनीचा एल-१ हा लिमिटर आला. येणारं टोक तो आधीच ओळखायचा आणि दाबायचा. टोकं दाबली की उरलेलं संगीत आणखी वर उचलता येतं, आणि शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं मोठं ऐकू येतं. ही चढाओढ २००८ मध्ये मेटालिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमपर्यंत गेली. तो इतका ठासून भरला होता की ड्रमचे ठोके चिरकू लागले. ‘गिटार हीरो’ या खेळात त्याच गाण्यांचं कमी दाबलेलं रूप होतं आणि चाहत्यांना ते अल्बमपेक्षा स्वच्छ वाटलं. वादकांनी जीव ओतलेलं वादन निव्वळ मोठं ऐकू यावं म्हणून असं चेपावं, याचं आजही वाईट वाटतं.

उपाय कानाकडे परत जाण्यात सापडला. समान ताकदीचा खर्ज कानाला मध्यम पट्टीपेक्षा हळू वाटतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. कॅनडातल्या ओटावाजवळच्या प्रयोगशाळेत श्रोत्यांना बसवून ध्वनिफिती जुळवून घेतल्या गेल्या, आणि त्यांच्या निवाड्याशी मेळ खाणारं सूत्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये मानक केलं. त्या मापाचं एकक एलयूएफएस. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ हा आकडा पक्का केला. अमेरिकेत जाहिराती कार्यक्रमापेक्षा कर्कश असू नयेत असा कायदा झाला आणि तो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. पुढे गाणी ऐकवणाऱ्या सेवांनीही हेच माप घेतलं. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ असतं. तिथे ठासून भरलेलं गाणं आपोआप खाली आणलं जातं, मग ठासून उपयोग काय?

पण सगळं सारखं करणं नेहमीच बरोबर नसतं, हे डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्येच ओळखलं होतं. आवाज जुळवण्याच्या त्यांच्या ‘रिप्लेगेन’ या पद्धतीत दोन हिशेब होते, एक गाण्याचा आणि एक अख्ख्या अल्बमचा. निरनिराळ्या काळातली नाट्यगीतं आणि चित्रपटगीतं एकापाठोपाठ ऐकायची असतील तर पहिला हिशेब चांगला. एखाद्या मैफलीत मात्र आलाप एका ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्यावर असतो. तिथे गाण्यागणिक माप लावलं तर हळुवार आलाप फुगून द्रुताइतका मोठा होतो आणि गायकाने तासभर रचलेली चढण सपाट होते. अल्बमचा हिशेब लावला की सगळ्या ट्रॅकना एकच बेरीज-वजाबाकी मिळते, आणि आलाप जितका दबक्या आवाजात गायला होता तितकाच दबका राहतो.