रापणीचा किनारा

समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि सिंदखेड राजा तालुक्यातल्या दुसरबीडला समुद्र पूर्वीइतका लांब राहिला नाही. पण या तालुक्याचे कोकण किनाऱ्याशी नाते रस्त्यापेक्षा फार जुने आहे. सिंदखेड राजात जन्मलेल्या जिजाऊंच्या पुत्राने, शिवाजी महाराजांनी, 1664 मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या खडकाळ पाण्यातली वाट दाखवणाऱ्या कोळ्यांना महाराजांनी गावे इनाम दिली, असे सांगितले जाते. मराठ्यांच्या आरमारात गाबीत समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांचे वंशज आजही याच किनाऱ्यावर मासळी धरतात.

पर्यटक किल्ला पाहतो, तारकर्लीच्या पाण्यात उतरतो. त्याच वाळूवर चालणारी रापण मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. पाण्याचा रंग गडद झाला, वर पक्षी झेपावू लागले की जाणती माणसे मासळीचा थवा ओळखतात. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती राहतो. होडी थव्याला वळसा घालत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात. तारली, बांगडा, पेडवे असे जे सापडेल त्याचे वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. एवढे मोठे जाळे एका घराला पेलत नाही. म्हणून रापण सगळ्या वाडीची असते आणि तिचे खरे मोल या वाटपात आहे. ज्याच्याकडे होडी नाही, त्याचे हातही इथे भांडवल ठरतात.

असेच जाळे दूर जपानमध्येही होते. तिथल्या चिबा प्रांतात कुजुकुरीचा सुमारे 60 किलोमीटर लांबीचा वालुकामय किनारा आहे. एदो काळात तिथली गावे अशाच ओढजाळ्यावर, जिबिकी-अमीवर, जगत होती. सापडलेली तारलीसारखी मासळी वाळूवर वाळवली जाई आणि खत म्हणून ओसाकाकडच्या कापसाच्या शेतांपर्यंत पोहोचे. विदर्भातल्या कापूसकऱ्याला हे विशेष वाटेल. कोकणातही जास्तीची तारली माडांच्या मुळाशी घालण्याची रीत होती.

पुढे 1880 च्या दशकात याच कुजुकुरीत होडीवरून टाकायचे सुधारित घेरजाळे तयार झाले. मासळी किनाऱ्याला येण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही आणि ओढजाळी मागे पडली. आज तिथे ती मुख्यतः पर्यटकांच्या हौसेसाठी ओढली जातात.

आपल्याकडे ओढजाळी आणि नवी जाळी यांची झटापट शंभरेक वर्षांनी आली. गोव्यात 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन, म्हणजे घेरजाळ्यांविरुद्ध, माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले. गोव्याने 1980 मध्ये आणि महाराष्ट्राने 1981 मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला, आणि किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याला कायद्याचा आधार मिळाला. तरी मालवणच्या समुद्रातला हा वाद थांबला नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध घातले. नियम कागदावर भक्कम आहेत, पण समुद्रात गस्त पुरेशी नसेल तर त्यांचा रापणीला उपयोग नाही.

दुसरे दडपण किनाऱ्यावरूनच आले. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. न्याहारी-निवास, जलक्रीडा, खानावळी यांनी अनेक मच्छीमार घरांना आधार दिला, हे नाकारता येणार नाही. पण रापणीला मोकळी वाळू लागते: होड्या ओढायला, जाळी पसरायला, मासळी निवडायला. ती वाळू खुर्च्या आणि वाहनांनी भरली तर जाळे ओढणार कुठे? कुजुकुरीसारखी केवळ पाहुण्यांसाठी उरलेली रापण मालवणच्या वाट्याला येऊ नये. वाटे पडणारी मासळीच नसेल, तर ती रापण फक्त देखावा ठरेल.

म्हणून मालवणला जाणाऱ्यांना एक विनंती. चिवला किंवा दांडीच्या किनाऱ्यावर पहाटे रापण ओढली जाताना दिसली तर जाळ्याच्या वाटेतून बाजूला व्हा, गाडी वाळूत घालू नका, दोराला हात लावण्याआधी विचारा आणि मासळी तिथे पाटी घेऊन बसलेल्या बाईकडूनच घ्या.