सिंहासन (गादी, तख्त)

राजाचे वा देवाचे आसन. ‘सिंह’ आणि ‘आसन’ यांचा समास. रायगडावर 1674 च्या राज्याभिषेकाचे सिंहासन सभासद बखरीत बत्तीस मण सोन्याचे आहे. हा आकडा विक्रमादित्याच्या बत्तीस पुतळ्यांच्या सिंहासनाची आठवण करून देतो. तो योगायोग नसावा.

‘तख्त’ फारसीतून आलेले. ते पालटते, फोडले जाते. गादी मात्र चालवायची असते.

चिंचवडला हा फरक दिसतो. पवनाकाठी संजीवन समाधी घेतलेल्या मोरया गोसावींची गादी वंशजांनी चालवली. सात पिढ्यांत गणपतीचा वास राहिला अशी श्रद्धा. म्हणून गादीवरचा पुरुष ‘देव’. गादीला इनाम गावेही होती.

घरोघरचे सिंहासन वीतभर, पितळी: चिंचेने घासलेले, वर रांगता बाळकृष्ण.