खाण संपली, जमीन कुणाची?

नवी मुंबईत बसून कोळशावर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, इथे कुठे आली खाण? खाण नाही, पण तार आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्टची वीजवाहिनी विदर्भातली वीज आपल्या बाजूला आणते. तिच्या पलीकडच्या टोकाला काय उरतं, ते आज आपण पाहू.

वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये बंद पडली. कोळसा न्यायला वर्ध्याहून लोहमार्ग टाकला होता. खाण गेली, मार्ग मात्र राहिला. दिल्ली-चेन्नई गाड्या आजही वरोऱ्यावरून धावतात. कोळसा हलवायची सोय खाणीपेक्षा जास्त टिकते, हे तेव्हाच दिसलं.

१९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. उघड्या खाणी वाढल्या आणि त्यांच्याबरोबर 'सीएचपी', म्हणजे कोळसा हाताळायचा कारखाना. डंपर हॉपरमध्ये कोळसा ओततो, क्रशर तो साधारण १०० मिलिमीटरच्या आत फोडतो, पट्ट्यावरून तो बंकरमध्ये आणि तिथून वाघिणीत. पाणी मारलं तरी धूळ उडतेच. शेजारच्या शेतातला कापूस काळा पडतो, असं तिथले शेतकरी सांगतात.

कोळशाच्या वरची माती आणि दगड काढून ढीग लावतात. वरची सुपीक काळी माती वेगळी ठेवली तर पुढे उपयोगी पडते. ढिगात मिसळली की गेलीच. दुर्गापूरकडे अशा ढिगांवर वेडी बाभूळ माजली आणि त्या झुडपांत वाघ-बिबटे येऊन राहिले. याला पुनरुज्जीवन म्हणायचं का? आम्हाला तरी अवघड वाटतं, आणि बाजूच्या वस्तीतल्या आईबापांना तर त्याहून.

२००९ मध्ये केंद्राने खाणबंदीचे नियम केले. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये (तेव्हाच्या दराने) वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे. यंत्रं उतरवणं, ढीग सपाट करणं, झाडं लावणं, सगळं त्यात आलं. सावनेरला तर खाणीजवळ इको पार्क करून पर्यटकही आणले.

पण जमीन? ती १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने घेतलेली. आपल्याकडे सिडकोने ९५ गावांची जमीन घेतली, १९८४ मध्ये जासईला पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. खाणपट्ट्यात मोबदला मिळाला, काहींना नोकरी मिळाली, पण जमीन परत देण्याची अशी तरतूद नाही. उलट एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केलं: खाणकाम संपलेली जमीन सरकारी कंपनीकडेच राहील, आणि कोळसा व ऊर्जेशी संबंधित प्रकल्पांना ती भाडेपट्ट्याने देता येईल.