इमॅन्युएल सेलर : ४१ वर्षं एका कायद्याशी

साठच्या दशकाच्या अखेरीपासून मराठी डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने अमेरिकेत स्थायिक होऊ लागले. त्यांच्या हुशारीचं कौतुक आपण करतोच, पण दार कुणी उघडलं हे सहसा विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं, कारण उत्तरात एक विलक्षण माणूस भेटतो.

इमॅन्युएल सेलर ब्रुकलिनचे. ज्यू कुटुंबातले, आजी-आजोबा जर्मनीतून आलेले. १९२३मध्ये ते अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात आले आणि पुढच्याच वर्षी इमिग्रेशनचा नवा कायदा समोर आला. कोणत्या देशातून किती माणसं घ्यायची, हे १८९०च्या जनगणनेवरून ठरणार होतं. १८९०च का? कारण इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने आले ते त्यानंतर. आशियाई लोकांना तर दार जवळजवळ बंदच. सेलर यांनी कडाडून विरोध केला, पण कायदा झाला.

मग सुरू झाली चिकाटी. १९४६मध्ये क्लेअर बूथ लूस यांच्यासोबत त्यांनी भारतीयांसाठी वर्षाला १०० जागा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळवला. फक्त १००! अखेर ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हार्ट-सेलर कायद्यावर सही केली आणि जुनी कोटापद्धत मोडीत निघाली. गंमत म्हणजे, आशियातून फारसे लोक येणार नाहीत, असा दिलासा खुद्द सेलर यांनीच सभागृहाला दिला होता.

इथे गोष्ट संपवली तर छान पुतळा उभा राहील. पण न्यायविषयक समितीच्या अध्यक्षपदावरून याच सेलर यांनी स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती वर्षानुवर्षं अडवून धरली. १९७०मध्ये मार्था ग्रिफिथ्स यांनी सह्या गोळा करून ती त्यांच्या समितीतून सोडवली. १९७२मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ हॉल्ट्झमन या तरुण वकील स्त्रीने त्यांना हरवलं आणि जवळपास ५० वर्षांची कारकीर्द संपली.

मला यात दोन सेलर दिसत नाहीत. दाराबाहेर ताटकळणाऱ्यांची कळ त्यांना घरच्या इतिहासातून ठाऊक होती. घरातल्याच अर्ध्या माणसांचीही तीच कळ आहे, हे मात्र त्यांना उमगलं नाही.