किरकोळ मुद्रिते आणि मुक्तीचा इतिहास : रायपूर ते पुणे

1900 साली मध्य प्रांतातील पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. आरंभी त्याची छपाई रायपुरात होई. मालक वामन बळीराम लाखे, संपादक रामराव चिंचोलकर व माधवराव सप्रे; तिघेही मराठी घराण्यांतले. जेमतेम तीन वर्षे चाललेल्या या मासिकात 1901 साली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदाराने झोपडी हिरावून घेतलेल्या विधवेची ही कथा पुढे हिंदीतील आद्य लघुकथांमध्ये गणली गेली. त्या मासिकाचे जुने अंक कोणी जपलेच नसते, तर ही गणना करण्यास आधार उरला नसता.

विधवेच्या प्रश्नावरील मराठी मुद्रितांचे भाग्य याहून डळमळीत होते. जोतीराव फुले यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे, असे सांगणारी पत्रके पुण्यात भिंतींवर लावली गेली. अशा पत्रकाचे आयुष्य पहिल्या पावसापर्यंतच. त्याचा आशय आज वाचकापर्यंत पोहोचतो तो चरित्रग्रंथांच्या मार्गाने.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ची कथा या संदर्भात अधिक बोलकी आहे. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती बदलून काळ्या पाण्याची करण्यात आली. त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ने स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याला बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिलेले उत्तर 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती 500, किंमत नऊ आणे. सत्यशोधक वर्तुळातीलही काहींना ते रुचले नाही. फुले यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. ‘सत्सार’ हे स्वतःही तसेच अल्पजीवी प्रकाशन. त्याचे दोनच अंक निघाले. म्हणजे एका क्षणभंगुर मुद्रिताची साक्ष दुसऱ्या क्षणभंगुर मुद्रिताने राखली. 1969 साली धनंजय कीर यांच्यासह फुले यांचे समग्र वाङ्मय संपादणारे स. गं. मालशे यांनीच 1975 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणली. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. थोर पुरुषाच्या कागदपत्रांचा शोध होत राहिला, त्या वाटेवरच ताराबाई सापडल्या. ज्यांच्या बाजूने कोणी फुले बोलले नाहीत, त्यांच्या पुस्तिकांचे काय झाले असेल, हा प्रश्न अर्थातच उरतो. या दोन मुद्रणांत 93 वर्षांचे अंतर आहे; एवढा काळ मराठी निबंधपरंपरेचे वर्णन ताराबाईंवाचून होत राहिले.

अमेरिकेतील परिस्थिती तुलनेस घेण्याजोगी आहे. दास्यविमोचनाचे कार्यकर्ते सॅम्युअल जे. मे यांनी 1870 साली आपला पुस्तिकासंग्रह कॉर्नेल विद्यापीठाला दिला. आज त्या संग्रहात 10,000हून अधिक पुस्तिका आहेत. चळवळ करणाऱ्या पिढीनेच आपली पत्रके जमवली. तीनच वर्षांनी, 1873 मध्ये, फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील याच दास्यविमोचकांना इंग्रजी अर्पणपत्रिकेने अर्पण केले. विचार समुद्र ओलांडून आला; तो छापलेला कागद जपण्याची संस्था मात्र त्याच्याबरोबर आली नाही.

भोपाळला 1984 साली सप्रे यांच्या नावाने समाचारपत्र संग्रहालय उभे राहिले, ही या चित्रातील उजळ बाजू. तरीही रायपूरसारख्या द्विभाषिक प्रदेशातील मुद्रितांची अडचण वेगळी आहे. मराठी सूचिकार ती हिंदी म्हणून सोडतो. हिंदी सूचिकाराला त्यांमागील मराठी घरांतील वाचन, पत्रव्यवहार आणि सुधारणेचे वाद दिसत नाहीत. पुणे, बुलढाणा आणि रायपूर येथील मुद्रिते एकाच सूचीत मांडली गेली, तर ताराबाईंची विधवा आणि सप्रे यांची विधवा प्रथमच शेजारी शेजारी वाचता येतील.