घंटा आणि पंप

वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला, आणि इथल्या चर्चच्या कित्येक घंटा देशावरच्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा त्यांतलीच, असे सांगतात. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया अजून दिसते. घंटेने देऊळ पाहिले, पण भट्टी पाहिली नाही. म्हणूनच तिची हकीकत उरली. जुन्या मोटारींच्या शौकिनांचा एक वाद कानी आला की सांडोरात बसून मला ती घंटा आठवते.

वाद आहे इंजिनाला पेट्रोल पाजण्याचा. कार्ब्युरेटरात अरुंद गळ्यातून धावणारी हवाच पेट्रोल ओढून घेते. दुसऱ्या तऱ्हेत पंप ते मोजून, दाबाने फवारतो. आमच्या कोळी बांधवांच्या बोटींतले डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. १९४० च्या हवाई युद्धात जर्मन लढाऊ विमानांना असा पंप होता. ब्रिटिशांच्या स्पिटफायरने एकदम नाक खाली घातले, की तिचा कार्ब्युरेटर इंजिनाला दगा देई. पुढे १९५४ साली मर्सिडीझची ३०० एसएल ही पंपाची मोटार रस्त्यावर आली.

पण पंपाचे दुखणे खर्चिक. त्याचे माप बिघडले तर जाणता कारागीर आणि सुटे भाग शोधत फिरावे लागते. उलट, कुर्ल्यात बनलेल्या फियाटचा कार्ब्युरेटर नाक्यावरचा मेस्त्रीही खोलून, साफ करून जागच्या जागी बसवी. म्हणून कित्येक मालक पंप उतरवून कार्ब्युरेटर चढवतात. त्यांच्या बाजूने एक दाखलाही आहे. १९६७ साली ट्रायम्फ कंपनीने आपल्या टीआर-५ मोटारीला लुकासचा पंप दिला. अमेरिकेसाठी केलेल्या तिच्या जुळ्या बहिणीला, टीआर-२५० ला, मात्र कार्ब्युरेटरच बसवले. तेव्हा बदल म्हणजे पाप, असे कोणी म्हणू नये.

तरीही पंप दुरुस्त होत असेल तर तो राहू द्यावा, असेच मी म्हणेन. त्या काळच्या कारागिरांची बुद्धी त्यात आहे. दुरुस्ती आवाक्याबाहेर असेल तर खुशाल कार्ब्युरेटर लावा; मोटार झाकून ठेवण्यापेक्षा ती धावलेली बरी. मात्र त्यासाठी मूळ अंगाला कापू नका, भोके पाडू नका. काढलेला पंप, नळ्या, फवारे तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. पुढच्या पिढीतल्या कोणाला ते पुन्हा बसवावेसे वाटले, तर त्याला ते सापडले पाहिजेत. भंगारवाल्याच्या तराजूत गेलेली वस्तू परत येत नाही.